तिच्या भावाला आवतण

आमच्याकडे लग्नात मेलेल्यांनाही आवतण असतं. हळदीच्या दिवशी सकाळी, डीजेवाल्यानं त्याचे स्पीकर रचायच्या आत, धवलारीण मांडवात सूप घेऊन बसते. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी बाई. पूर्वी आमच्या आगरी लग्नांत भटजीच्या जागी तीच असायची. आता भटजीही येतो आणि तीही येते, आणि दोघं एकमेकांकडे न बघता आपापलं काम उरकतात. ती आधी देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्यांना, एकेकाला नावानिशी. नाव घेतलं की सुपात चिमूटभर तांदूळ पडतात. नाव नसेल तर तांदूळही नाहीत.

बदलापूर गावात माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे हे काम माझी आत्या करते. पंच्याहत्तरी उलटली, गुडघे गेले, पण आवाज शाबूत आहे. माझ्या पणजोबांच्या बहिणीचं नाव आमच्यात दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही, आत्या झोपेतून उठवली तरी सांगेल. मी मात्र वर्षानुवर्षं हा सगळा प्रकार चहा पीत लांबून बघितला. एकतीस वर्षं जांभूळला पाण्याच्या लॅबमध्ये नोकरी केलेली बाई मी. गढूळपणा किती, क्लोरीन किती, यावर माझा विश्वास. मेलेली माणसं जेवायला येतात यावर कसा बसणार?

निवृत्तीनंतर खरवईच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या चुका काढण्यापलीकडे मला उद्योग उरला नाही, तेव्हा मी अंबरनाथला रविवारी दुपारी भरणाऱ्या बायकांच्या कविता मंडळात जायला लागले. एका शाळेचा वर्ग, तिसरीच्या मुलांचे बाक, आणि त्यात गुडघे दुमडून बसलेल्या आम्ही साठीच्या बायका. गेल्या वर्षी तिथे टूम निघाली की प्रत्येकीनं एक पुस्तक वाचायचं, त्याला उत्तर म्हणून कविता लिहायच्या, आणि सगळ्यांच्या मिळून एक संग्रह काढायचा. पुस्तकं चिठ्ठ्या टाकून वाटली. माझा डोळा एका प्रवासवर्णनावर होता. माझ्या चिठ्ठीत निघालं ते वंशसंहारातून वाचलेल्या एका बाईचं आत्मकथन, मराठी अनुवाद. मी तोंड वाकडं केलं. शेजारची म्हणाली, "बदलून हवंय का?" तिच्याकडे लोणच्यांचं पुस्तक आलं होतं. तिच्या त्या कीव करण्यानंच मी हट्टाला पेटले आणि नको म्हटलं.

त्या बाईच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचं नावही लिहायचं नाही असं मी ठरवलंय, आणि देश सांगितला तर माणूस शोधायला आजकाल वेळ लागत नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ज्यांच्या घरून आदल्या संध्याकाळी मीठ आणलं होतं, त्यांनीच दुसऱ्या दिवशी तिच्या घरातली माणसं मारली. ती अकरा दिवस धान्याच्या कोठीमागे लपून होती, आणि तिला लपवणाराही शेजारीच होता. हे सगळं ती इतक्या सरळ आवाजात सांगते की मला मध्येच पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागायचं. समोर टॉवरचं काम चालू असायचं, ते बघत राहायचे.

शेवटच्या पानावर तिनं गेलेल्यांची यादी दिली आहे. प्रत्येकाचं नाव आणि पुढे एक ओळ. वडील, ऊस सोलला की पहिली कांडी आईला देणारे. आई, जी चालताना गायची आणि थांबली की गप्प व्हायची. आजी, जिला सगळ्या गावाची भांडणं पाठ होती. मोठ्या दोघी बहिणी, एकाच झग्यावरून भांडणाऱ्या. आणि सगळ्यात खाली, माझा धाकटा भाऊ. बस. त्याचं नाव नाही, पुढे ओळही नाही.

लॅबमध्ये रजिस्टरचा रकाना मोकळा सोडणं म्हणजे गुन्हा असायचा. साहेब लाल पेनानं त्याभोवती गोल करून चार लोकांत विचारायचे, की बाई, या तासाला पाणी नव्हतं का नदीला? ते पान बघून माझा हात आपोआप पेनाकडे गेला. मी माझ्यापुरती समजूत करून घेतली की एवढ्याशा पोरीच्या डोक्यातून त्या धक्क्यानं भावाचं नाव पुसलं गेलं असणार. बिचारी, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

माझ्या पहिल्या चार कविता अगदी टाकाऊ होत्या. रक्ताचे पाट, गोठलेला आक्रोश, माणुसकी कुठे गेली, सगळा ठरलेला माल मी त्यात भरला होता. मंडळात टाळ्या पडल्या, दोघींनी डोळे पुसले. घरी येऊन मी त्या स्वयंपाकघरात मोठ्यांदा वाचून बघत होते, तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी मधल्या ओळीत उठून गॅस बंद केला. परत येऊन कुठवर वाचलं होतं ते आठवेना. कवितेत दम असता तर त्या दिवशी डाळ करपली असती. मी चारही कविता फाडल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या सकाळी आत्यानं आवतण सुरू केलं, मी नेहमीसारखी चहा घेऊन खांबाला टेकले. आत्या नाव घेत होती आणि नावाला जोडून त्या माणसाची काहीतरी ओळख सांगत होती. भाकरी जाड थापणारी काकी, या. बैलाशी बोलणारे आजोबा, या. माझ्या हातातला चहा निवला. ही तीच यादी होती, शेवटच्या पानावरची. फरक एवढाच की त्या बाईनं यादी लिहून पुस्तक मिटलं होतं, आणि आत्या त्या लोकांना जेवायला बोलवत होती.

घरी जाऊन मी एका बैठकीत लिहिलं. धवल्याच्याच चालीवर, त्या बाईच्या माणसांना आमच्या मांडवात आवतण.

पहिली कांडी आईला देणारे बाबा, या हो मांडवाला
लांबच्या वाटेचे थकले पाय, या हो मांडवाला
चालता चालता गाणारी आई, थांबू नको गो वाटेला
गात गात ये मांडवाला

अशी आजी आली, भांडत भांडत दोघी बहिणी आल्या. सगळ्यांची नावं मी पुस्तकातूनच घेतली, इथे तेवढी गाळली आहेत. मग भावापाशी येऊन मी अडले. नाव नाही तर तांदूळ नाहीत, हा नियम. सगळं घर मांडवात येणार आणि ते पोर एकटं वेशीबाहेर उभं राहणार, हे मला सहन होईना. मी त्याला नाव दिलं.

ते नाव मी कुठून आणलं हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मला पहिला मुलगा झाला. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात तो जन्मला तेव्हा श्वास घेत नव्हता. मला दाखवलाही नाही. नवऱ्यानं त्याला कापडात गुंडाळून नेलं आणि गावाबाहेर मातीत ठेवलं, आमच्याकडे इतक्या लहानग्यांना जाळत नाहीत. परत आल्यावर ते अंगणात पाय धूत बराच वेळ उभे होते. त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्याच्याविषयी बोललो नाही. पुढे मुलगी झाली, शिकली, पुण्याला गेली, आणि बोलायला दुसरं खूप काही होतं. पण मी त्याच्यासाठी एक नाव ठेवलं होतं. बाळ होण्याआधी नाव काढायचं नसतं, म्हणून पोटावर हात ठेवून फक्त मनात म्हणायचे. नंतर कुणाला सांगायची वेळच आली नाही. बारसं नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून आवतण नाही. बत्तीस वर्षांत दोन्ही घरांत किती मांडव पडले, आत्यानं सगळ्यांना बोलावलं, त्याला कुणी बोलावलं नाही. मी विज्ञान शिकलेली, माझा यावर विश्वास नाही, तरी दर हळदीला मी खांबाला टेकून उभी राहायचे ती याचसाठी, हे मला ती ओळ लिहिताना कळलं.

चाल बरोबर बसली का हे विचारायला मी आत्याकडे गेले. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. "म्हन," ती म्हणाली. मी म्हटलं. एके ठिकाणी तिनं थांबवलं. "मांडवाला असं तोडू नको गो. पावना लांबून चालत येतंय, त्याला वाट दे." मी लांबवून म्हटलं. तिला आवडत होतं, शेंगा सोलणारे हात तालात चालले होते. भावाचं नाव आलं तेव्हा हात थांबले.

"ह्यो कोन?"

"तिचा भाऊ. लहान होता."

"तिकडच्या पोरांची नावां अशी असतात? ह्यं तं आपल्यातलं नाव हाय."

"खरं नाव पुस्तकात दिलेलं नाही, आत्या. म्हणून मी घातलं."

"कुनाला इचारून?"

"कुणाला विचारायचंय? कविता आहे ती."

"आवतन हाय," आत्या म्हणाली. "मी सूप घेऊन बसते तवा घरच्या बाईला आदी इचारते, कुनाकुनाला बोलवू. माज्या मनाचं एक नाव घेत नाय. ती पोरगी जित्ती हाय ना? मंग तिला इचार. तिची मानसां हायेत, तुजी नायत."

मला राग आला. सातवी पास आत्यानं मला कविता शिकवावी याचा आला, आणि ती बरोबर बोलत होती याचा जास्त आला. आत्यानं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

तिकडे संग्रहाची घाई चालली होती. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी छापखानेवाल्याकडे काम दिलं होतं. सगळ्यांची पानं लागली, माझंच राहिलं. सिंधीत ताईला अदी म्हणतात, तो मला तशीच हाक मारायचा. माझी कविता वाचून म्हणाला, "अदी, ये शादी का गाना है कि मय्यत का?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "तो हेडिंग में लिख दो ना, पब्लिक कन्फ्यूज होगी." मी त्याच्याकडून महिन्याभराची मुदत मागून घेतली.

अनुवाद करणाऱ्या बाईंचा पत्ता पुस्तकात होता. त्यांना मी कविता आणि एक पत्र पाठवलं, आणि त्यांनी दोन्हीचं इंग्रजी करून पुढे धाडलं. पत्रात मी धवलारीण म्हणजे काय ते सांगितलं, सूप सांगितलं, तांदूळ सांगितले, छापायची परवानगी मागितली. भावाच्या नावाबद्दल अगदी शेवटी एकच ओळ लिहिली, आणि तीही खोटी. लिहिलं की ते नाव माझ्या कल्पनेतलं आहे.

मग वाट बघणं सुरू झालं. मला काय हवं होतं ते मी स्वतःपासून लपवत नव्हते. तिनं हो म्हटलं की ते नाव छापून येणार होतं. प्रकाशनाच्या दिवशी अंबरनाथच्या हॉलमध्ये मी ते शंभर माणसांसमोर मोठ्यानं घेणार होते. कदाचित आत्याही कधी तो धवला म्हणणार होती, आणि मग सुपात चिमूटभर तांदूळ पडणार होते. लोकांना वाटणार होतं की ते दूरदेशीच्या एका पोरासाठी आहेत. मी कुणालाच काही सांगणार नव्हते. माझं पोर दुसऱ्याच्या भावाचं बोट धरून का होईना, एकदा मांडवात यावं एवढंच मला हवं होतं. यात कुणाचं काय बिघडतं, असं मी दिवसातून चार वेळा स्वतःला विचारत होते, म्हणजे काहीतरी बिघडत होतंच.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अनुवादवाल्या बाईंनी मराठी करून पाठवलं होतं. मी ते जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं.

तिनं लिहिलं होतं की माझ्या घरच्यांना कुणीतरी लग्नाला बोलावलंय हे वाचून मला आधी हसू आलं. वडील वेळेच्या दोन तास आधी जाऊन बसले असते आणि आजीनं तुमच्या गावातली सगळी भांडणं एका दिवसात माहीत करून घेतली असती. त्यांना आजवर लोकांनी मेणबत्त्या दिल्या, फुलं दिली, पण जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. कविता छापा. मग पुढे लिहिलं होतं, भावाचं नाव तेवढं काढा. मी त्याचं नाव विसरलेले नाही. तो चार वर्षांचा होता, आणि रोज सकाळी उठल्यावर मी पहिलं त्याचं नाव घेते. बाकी सगळं मी पुस्तकात लोकांना देऊन टाकलं, जे आठवतं ते आणि जे आठवू नये असं वाटतं तेही. हे एक दिलं नाही. ती जागा मोकळी नाही, ती मी ठेवलेली आहे.

आणि अगदी शेवटी होतं, तुम्ही लिहिलंय की नाव कल्पनेतलं आहे. मला तसं वाटत नाही. तुम्ही माझ्या भावाला दिलेलं नाव कुणाचं आहे?

मी कागद टेबलावर ठेवला. मला आधी संताप आला, अगदी खरं सांगते. एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणते, असं झालं. मग लाज वाटली. मी तिला बिचारी म्हटलं होतं. तिनं दार लावून घेतलेल्या खोलीत मी माझं सामान नेऊन ठेवलं होतं, वर ती खोली रिकामीच होती असं सांगत होते. आणि गंमत म्हणजे मीही बत्तीस वर्षं तेच करत आले होते, एक नाव कुणालाही न देता ठेवलं होतं. ज्या एका माणसाला ते देता आलं असतं तो रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. मी ते आधी परक्या देशातल्या परक्या मुलाला दिलं.

मी उल्हासनगरला फोन करून भावाच्या ओळीतलं नाव काढायला सांगितलं. तिथे फक्त "आणि तुझा धाकटा भाऊ" एवढंच ठेवायचं. छापखानेवाला म्हणाला, "लाइन छोटी पड़ जाएगी, अदी." मी म्हटलं, पडू दे.

मग वही ओढून तिला उत्तर लिहायला बसले. कधी नव्हे ते एकही शब्द खोडावा लागला नाही. लिहिलं की ते नाव माझ्या मुलाचं आहे. तो जन्मला तेव्हा श्वास घेत नव्हता. त्याचा चेहरा मी पाहिला नाही, त्याच्या वडिलांनी पाहिला. नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांनाही नाही. तुमच्या भावाच्या जागेवर मी त्याला बसवलं, ते चुकलं, मला माफ करा. मग नाव पुन्हा एकदा स्पष्ट अक्षरांत लिहिलं. माझ्या हातानं कवितेबाहेर ते पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

नवरा दुपारची झोप काढून बाहेर आले. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते, त्यांना माझ्या कवितांचं कौतुक आहे, पण ते त्या वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. पाणी पिता पिता म्हणाले, "एवढं कुणाला लिहितेयस?"

नेहमी मी "मंडळाचं आहे" म्हणून वही मिटते. त्या दिवशी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, उभ्याउभ्याच वाचायला लागले, आणि अर्ध्यावर आल्यावर खुर्ची ओढून बसले. वाचून झालं. बोट त्या नावाखाली ठेवलेलं होतं. मला वाटलं, विचारतील, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस.

"चांगलं आहे," ते म्हणाले. चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी त्याला घेऊन गेलो ना, तेव्हा वाटेत त्याला काहीतरी हाक मारायला पाहिजे असं वाटलं. तसंच कसं ठेवायचं. म्हणून मी पण एक ठेवलं होतं."

कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.